दाराला कुलूप असताना सहीच्या टपालाचे काय? शेजाऱ्यांची सही चालावी का?

धागाकर्ती, कोपरखैरणे :
आम्ही दोघेही सकाळी आठच्या आत घर सोडतो आणि पोस्टमन येतात दुपारी. गेल्या महिन्यात स्पीड पोस्टाने आलेली माझी गुणपत्रिका, घर बंद असल्यामुळे आणि पोस्टमननी टाकलेली चिठ्ठी मला उशिरा सापडल्यामुळे, मुदत संपून परत गेली. समोरच्या काकू दिवसभर घरी असतात, आमची किल्लीही त्यांच्याकडेच असते. पोस्टात एकदा लेखी अधिकारपत्र दिले की त्यांची सही कायमची चालावी, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद, नेरूळ :
असहमत. सही पुराव्यासाठी घेतात. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले, तरी पाच रुपये आणि जीएसटी जादा भरून 'नोंदणी' घेता येते. तशी वस्तू पत्त्यावरील व्यक्तीला किंवा तिने अधिकार दिलेल्यालाच मिळते. चेक न वटल्याची नोटीस आली, तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. काकूंनी सही करून पाकीट चार दिवस कपाटात ठेवले, तर ते दिवस तुमच्याच १५ दिवसांतून वजा होण्याचा धोका आहे.

धागाकर्ती :
बंद दारानेही तो धोका टळत नाही. जनरल क्लॉजेस ॲक्टच्या (इतर कायद्यांचा अर्थ कसा लावायचा हे सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम २७ नुसार योग्य पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने पाठवलेली नोटीस, उलट सिद्ध होईपर्यंत, पोहोचली असेच धरले जाते. म्हणजे कागद हातात न येताही दिवस मोजले जाणार असतील, तर तो काकूंच्या कपाटात असलेला बरा नाही का?

प्रतिसाद, घोडबंदर रस्ता :
आता ओटीपीची सोय आहे. पाठवणाऱ्याने ती घेतली असेल तर आपल्या मोबाईलवर आलेला आकडा पोस्टमनला फोनवरून सांगून काम भागेल.

प्रतिसाद, नेरूळ :
हे मला सर्वांत घातक वाटते. 'पार्सल अडकले आहे, पत्ता दुरुस्त करा' असे टपाल खात्याच्या नावाचे खोटे संदेश फिरत असताना, घरातल्या वयस्कर माणसांना फोनवर ओटीपी सांगण्याची सवय आपणच लावायची का? त्यापेक्षा अधिकारपत्र परवडले, पण ते त्या एका वस्तूपुरतेच असावे.

धागाकर्ती :
वस्तू येणार हे आधी कळत नाही, म्हणून तर कायमचे हवे. मात्र कपाटाचा मुद्दा पटला. काकूंवर ही जबाबदारी त्यांना न विचारता टाकता येणार नाही. अधिकारपत्रावर त्यांचीही संमती घ्यायला हवी. आज संध्याकाळी त्यांना विचारते.