वाहक 4 टक्के, मग रुग्ण दुप्पट कसे?

आकडेखोर
संख्याशास्त्र शिकतोय, जनुकशास्त्रात कच्चा आहे. प्रकल्पासाठी एक काल्पनिक लोकसंख्या घेतली: बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाचे वाहक, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेले, 100 मागे 4. आईवडील दोघंही वाहक असण्याची शक्यता 0.04 गुणिले 0.04, आणि अशा जोडप्याला मेजर, म्हणजे दोन्ही प्रती सदोष असलेलं आजारी मूल होण्याची शक्यता पाव. म्हणजे 10,000 जन्मांमागे 4 मुलं. सर म्हणाले, "गुणाकार बरोबर, पण खऱ्या जगात रुग्ण याच्या दुप्पटही निघतील. का ते शोध." काय सुटतंय?

सूक्ष्मदर्शिका
लग्नं सुटतायत! कोणीही कोणाशीही लग्न करतं असं तुम्ही न बोलता धरून चाललात. माणसं सोयरीक आपापल्या गटातच जुळवतात. निम्म्या लोकांत 8 टक्के वाहक आणि उरलेल्या निम्म्यांत एकही नाही, असं समजा. सरासरी 4च. पण पहिल्या गटात 10,000 जन्मांमागे 16 मेजर, दुसऱ्यात शून्य, एकूण 8. झाले की दुप्पट. नात्यातली लग्नं असतील तर आणखी वाढतील.

मी प्रयोगशाळेत हिमोग्लोबिनच्या तपासण्या करते, म्हणून "अमुक देशात इतके टक्के" असं वाचलं की पहिला प्रश्न पडतो, कोणत्या गटात? जगात हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषांचे वाहक साधारण 5 टक्के सांगतात. पण भूमध्य समुद्रातल्या सायप्रस, सार्डिनिया बेटांवर एकट्या बीटा थॅलेसेमियाचेच 10 टक्क्यांहून जास्त आहेत, आणि उत्तर युरोपात मूळच्या लोकांत शोधावे लागतात.

बिनधास्त
एवढा घातक जनुक पिढ्यानपिढ्या टिकलाच कसा पण?

सूक्ष्मदर्शिका
मलेरियामुळे. थॅलेसेमियाबद्दल हा तर्क जनुकशास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी 1949 च्या सुमारास मांडला. सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आनुवंशिक दोषाबद्दल तसाच पुरावा संशोधक ॲलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतून दिला. वाहक मूल जीवघेण्या मलेरियातून वाचण्याची शक्यता जास्त, म्हणून जुना मलेरियाचा नकाशा आणि हा नकाशा बऱ्याच अंशी जुळतात.

आकडेखोर, मूळ आकडा कुठून येतो तेही बघा. रुग्णालयात आलेल्यांची मोजणी असेल तर तो फुगलेला असणार, कारण तिथे मुळात ॲनिमियावालेच येतात. सोल्युबिलिटी या साध्या रक्तचाचणीत सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. थॅलेसेमिया तिला दिसत नाही, आणि सिकलचा वाहक कोण, रुग्ण कोण हेही ती सांगत नाही. बीटा मायनर, म्हणजे बीटा थॅलेसेमियाचा वाहक, ओळखायला एचपीएलसीवर (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) ए2 या प्रकाराचं प्रमाण बघतो, साधारण 3.5 टक्क्यांच्या वर असेल तर वाहक. लोहाची कमतरता जास्त असली की ए2 खाली येतं आणि वाहक नॉर्मल म्हणून घरी जातो. थॅलेसेमियाचा दुसरा प्रकार अल्फा, त्याच्या वाहकात तर ए2 वाढतच नाही, तिथे डीएनए तपासणीच लागते.

आकडेखोर
मग गटांचे दर वेगळे धरून, प्रत्येकाचा वर्ग करून, गटाच्या आकारानुसार बेरीज करायची?

सूक्ष्मदर्शिका
हो. आणि त्याला पावाने गुणायला विसरू नका.