शेतात राबतो तरी बॉडी काऊन नाही बनत? वजन ५४, मदत पाहिजे

पऱ्हाटीवाला:
राम राम मंडळी. वय २१, उंची ५ फूट ८, वजन ५४ किलो. गाव दारव्हा तालुक्यात, घरची ४ एकर, कपाशी अन् सोयाबीन. पोलीस भरतीची तयारी करून रायलो. धावणं ठीक आहे पण गोळा ७.२६ किलोचा, हातात घेतला की मनगटच वाकते, अन् छाती मोजली तं ७८ भरली, लागते ७९, वरून फुगवून ५ सेंटिमीटर वाढली पाहिजे. पोट्टे म्हणतात वारा आला तं उडून जाशील बे.

तालुक्याच्या जिममध्ये दीड महिना गेलो, मंग फवारणी सुरू झाली अन् सुटलं. आता घरीच ५ लिटरच्या दोन कॅना रेती भरून लोखंडी पाइपाले बांधल्या, त्यानं रोज संध्याकाळी फवारणीहून आलो की लगेच बायसेप १००, वरून ६० दंड. तीन महिने झाले, दंडाले टेप लावला तं तेवढाच.

आता मले हे सांगा, दिवसभर पाठीवर पंप घेऊन हिंडतो, पोती उचलतो, तरी बॉडी काऊन नाही बनत? जिमवाला म्हणे ३२०० चा गेनरचा, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीचा, डब्बा घेतल्याशिवाय काही होत नाही, खरं आहे का? अन् सोयाबीन घरचंच आहे, दोस्त म्हणे भिजवून कच्चं खाय, एक दिवस मूठभर खाल्लं तं रातभर पोट फुगलं. अंडे घरात चालत नाही, माय माळकरी आहे. खाणं म्हणजे सकाळी चहा-टोस, दुपारी भाकर-भाजी, रात्री वरण-भात.

जुना_पैलवान:
भाऊ, पयले ते कच्चं सोयाबीन बंद कर. त्यात ट्रिप्सिन इनहिबिटर नावाचं द्रव्य असते, ते प्रोटीन नीट पचू देत नाही, भिजवल्यानं जात नाही, चांगलं शिजवाच लागते. रातभर भिजव, पाणी फेक, कुकरमध्ये गाळ होऊ दे. अन् पेरणीतून उरलेलं औषध लावलेलं बियाणं असेल तं शिजवूनही नाही, हात नको लावू त्याले. त्यापेक्षा किराण्यातून सोयावडी आण. ५० ग्रॅम कोरड्या वडीत २५ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे महागड्या डब्ब्याचा एक चमचा.

तुले किती लागते? किलोमागं १.६ धर, ५४ चे झाले ८६ ग्रॅम. आपल्याले वाटते वरण खाल्लं म्हणजे झालं, पण वाटीभर पातळ वरणात डाळ असते २५ ग्रॅम, प्रोटीन ५-६, बाकी पाणी अन् मायची माया. वडी ५० ग्रॅम, दूध अर्धा लिटर, फुटाणे ५० ग्रॅम, शेंगदाणे ५० ग्रॅम, एवढ्यात साठच्या वर जाशील, उरलेलं भाकर-वरण भरून काढते. गेनरच्या डब्ब्यावर मागं वाच, बहुतेकात निम्म्याच्या वर माल्टोडेक्स्ट्रिन, पचाले साखरच समज. त्या पैशात महिनाभर दूध अन् केळं होते. अन् टोस सोड बावा, ते काय खाणं आहे.

आता तुह्या खऱ्या प्रश्नावर येतो. पंप मागच्या साली १६ लिटरचा होता, या साली बी १६ लिटरचाच आहे. पयल्या आठवड्यात खांदे दुखले असतील, मंग शरीर म्हणालं एवढं तं जमते, अन् थांबलं. उचलायचं ओझं वाढत गेलं तरच मांस चढते. तुह्या कॅनाचंही तेच, १०० वेळा उचलतो म्हणजे ते हलकं झालं. ८ ते १२ वेळाच उचलता येईल एवढं घे, असे ३ फेरे, ज्या दिवशी तिन्ही फेऱ्यात १२ निघाले त्या दिवशी लोटाभर रेती वाढव. नुसतं बायसेप कशाले, गोळा काय बायसेपानं जाते? तो पायातून, कमरेतून, खांद्यातून जाते. पोत्यात २० किलो रेती भरून छातीशी धरून बैठका, तेच पोतं वाकून पोटाकडे ओढायचं, कॅना डोक्यावर ढकल, दंड पाय बाजेवर ठेवून मार, अन् लिंबाच्या फांदीले लटकून हनुवटी वर ने. आठवड्यात तीनदा, मधात एक दिवस सुट्टी. दंड-बैठकाले गावठी नको समजू, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे लोक १९३६ ले बर्लिन ऑलिंपिकात आपले देशी व्यायाम दाखवून आले होते.

धुऱ्यावरचा:
वरचं सगळं बरोबर, पण एक गोष्ट कोणी बोललं नाही. फवारणीहून आला की लगेच व्यायाम?? अंगावर तोच शर्ट, अन् जोरजोरात श्वास घेतो. २०१७ ला आपल्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं किती लोक गेले ते विसरलास काय. फवारणीच्या दिवशी व्यायाम नाहीच, साबणानं आंघोळ, कपडे वेगळे धुवायचे, जेवायचं, झोपायचं. व्यायाम दुसऱ्या दिवशी सकाळी.

पऱ्हाटीवाला:
खरंच हे डोक्यातच नाही आलं भाऊ. आजपासून सकाळी. एकच विचारतो, सोयावडी रोज खाल्ली तं मर्दानगी कमी होते म्हणतात, तसं काही आहे का?

जुना_पैलवान:
नाही बे. माणसाइवर तपासून झालं आहे, रोजच्या खाण्यातल्या सोयानं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषाचं हार्मोन, कमी होत नाही. मायले पाव किलो आणाले सांग अन् खाय. वजन दर पंधरा दिवसानं एकाच काट्यावर कर, सकाळी उपाशीपोटी.

पऱ्हाटीवाला:
अठरा दिवस झाले. वडीची भाजी मायले बी आवडली, आता घरात सगळेच खातात त्यामुळे पाव किलो दोन दिवसात संपते हा नवीनच ताप. पोतं २० चं २४ किलो झालं. गावात दुसरा काटा नाही म्हणून कापसाच्या काट्यावर उभा रायलो, ५५.२ भरलो. व्यापारी म्हणे, यात ओलावा आहे, कटती कापून ५४ लिहितो.