तंबोऱ्याच्या जवारीवर फोकस ठेवायचा आहे, लेन्सबेबी घेऊ का?

मिरजवाली
नमस्कार मंडळी. माझ्याकडे निकॉन डी५३०० कॅमेरा आहे, सोबत १८-५५ आणि ५० एमएम एफ/१.८ या लेन्स. दोन वर्षं झाली, दर रविवारी मिरजेतल्या एका तंतुवाद्यांच्या कारखान्यात फोटो काढायला जाते. माझे आजोबा याच गल्लीत भोपळे कापायचे, त्यामुळे मला तिथे कुणी परकं मानत नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बरेच फोटोवाले येऊन गेले. भिंतीला ओळीने लावलेल्या भोपळ्यांचे फोटो सगळ्यांकडे आहेत, माझ्याकडेही आहेत.

मला हवाय तो एकच क्षण. तिथले कारागीर चाचा जवारी काढतात, म्हणजे तारेचा नाद खुलावा म्हणून घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासतात, तो. घोडीचा माथा कानशीने अगदी हलका घासायचा, तार छेडायची, मान कलती करून ऐकायचं, पुन्हा घासायचं. एकेका तंबोऱ्यात अख्खी दुपार जाते. त्या वेळी त्यांना घोडीपलीकडे काही दिसत नसतं, चहा आला तरी कळत नाही. फोटोत तेच यायला हवं: घोडी आणि बोटाचं टोक स्पष्ट, बाकी कारखाना विरघळलेला.

५० एमएमने मागचं धूसर होतं, पण घोडीच्या अंतरावर जे जे आहे, म्हणजे गुडघा, खुंट्यांचा डबा, ते सगळं तेवढंच ठसठशीत येतं. म्हणून लेन्सबेबी या वाकवता येणाऱ्या लेन्सचा विचार आहे: कंपोझर प्रो २ हा वाकणारा भाग आणि त्यात स्वीट ५० ही काच. तीस हजार साठवलेत. एवढे पैसे घालून चार महिन्यांत लेन्स कपाटात जाईल अशी भीती वाटते.

उजेडाचा_नादी
आधी फुकटात करून बघा. ५० एमएम कॅमेऱ्याच्या बॉडीवरून काढा, माउंटसमोर (लेन्स बसते त्या तोंडासमोर) हाताने धरा आणि किंचित तिरकी करा. फोकसचा पट्टा सरकताना दिसेल. कॅमेरा एम (मॅन्युअल) मोडवर हवा. तुमची लेन्स 'जी' प्रकारची असेल तर बॉडीवरून काढल्यावर तिचं छिद्र मिटतं, मागची छोटी दांडी बोटाने दाबून उघडं ठेवावं लागेल. जुन्या 'डी' लेन्सला अ‍ॅपर्चरची, म्हणजे त्या छिद्राची, रिंग असते, ती १.८ वर ठेवली की काम झालं.

एफ_दोन
हे घरीच करा, कारखान्यात नको. लाकडाचा भुसा आणि भोपळ्याची धूळ उडत असताना उघडा सेन्सर ठेवू नका, हात जोडून सांगतो.

माझ्याकडे कंपोझर आणि स्वीट ५० सहा वर्षं आहे. तुमच्या बॉडीची अडचण आधी सांगतो. या लेन्सला इलेक्ट्रॉनिक जोडणी नाही, आणि डी५३०० अशा लेन्सवर उजेड मोजत नाही. एम मोड लावायचा, एक फोटो काढायचा, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघून शटर बदलायचं. चाचा खिडकीशी बसत असतील तर उजेड फारसा हलणार नाही, एकदा बसवलं की बराच वेळ पुरेल. फोकसही हातानेच. त्या छोट्या व्ह्यूफाइंडरवर भरवसा ठेवू नका. ट्रायपॉड लावा, लाइव्ह व्ह्यू मोठा करून घोडीच्या तारा बघा.

आता काचेबद्दल. स्वीटमध्ये एक गोल भाग स्पष्ट असतो आणि तिथून बाहेर सगळीकडे धूसरपणा वाढत जातो, म्हणजे घोडीच्या अंतरावरचा तो गुडघाही विरघळेल. लेन्स वाकवली की गोल सरकतो, अ‍ॅपर्चर २.५ वरून ५.६ केलं की मोठा होतो. एज नावाची काच वेगळी, ती सरळ पट्टा देते. तुम्हाला ती नको.

पण ५० का? तुमच्या छोट्या सेन्सरवर ती ७५ एमएमसारखी वागते आणि साधारण ३८ सेंटिमीटरच्या आत फोकस होत नाही. स्वीट ३५ घेतलीत तर १९ सेंटिमीटरपर्यंत जाता येतं आणि कोन जवळपास साध्या ५० सारखा राहतो. चाचांचा कललेला चेहराही चौकटीत मावेल. मी तुमच्या जागी डोळे झाकून ३५ घेईन.

कंटाळ्याचं म्हणाल तर मला आला होता. फुलं, लग्नं, पोरांचे वाढदिवस, सगळे फोटो सारखेच दिसायला लागले, कारण धूसर कशासाठी करतोय हेच मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला ते ठाऊक आहे. आणखी एक, ही लेन्स २००४ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये सुरू झाली. क्रेग स्ट्राँग या फोटोग्राफरने पहिला नमुना व्हॅक्यूमच्या नळीचा तुकडा वापरून हाताने जोडला होता. चाचांना सांगा, त्यांना आवडेल.

रॉवाला
फोटोशॉपमध्ये मास्क टाकून असाच ब्लर मिळतो, पैसे वाचवा.

मिरजवाली
@रॉवाला, करून पाहिलं. तारेच्या कडेला मास्क नीट बसत नाही, तिथेच फोटो खोटा वाटतो. शिवाय कुठे बघायचं हे मला तिथेच, चाचा ऐकत असतानाच ठरवायचंय.

काल घरी ५० काढून प्रयोग केला. आजोबांची जुनी घोडी टेबलावर ठेवली, दांडी दाबून धरताना बोट दुखलं, चाळीसेक फोटो वाया गेले. एकात मात्र घोडीवरची तारेने पडलेली खाच एवढी स्पष्ट आणि बाकी सगळं दुधात बुडाल्यासारखं. आई म्हणाली, "हे बाबांना दाखवायला हवं होतं."

३५ ची ऑर्डर देते आहे. @एफ_दोन, पहिल्या रविवारचे फोटो इथेच टाकेन, एक्स्पोजर चुकलेलेही.