१०० चा प्लॅन, मिळतात ४०: मोडेमचे आकडे बघून सांगा

प्रश्न (धागाकर्ता)

जुनी इमारत, तिसरा मजला, केबलचं इंटरनेट, प्लॅन १०० एमबीपीएसचा. फोनवर वायफायने टेस्ट केली तर दिवसा ४०, रात्री १५-२०. व्हिडिओ कॉल मधेच गोठतो आणि दिवसातून दोन-तीनदा मोडेमचा ऑनलाइन दिवा लुकलुकायला लागतो. वायर घरात येते तिथे चार तोंडांचा स्प्लिटर आहे: एकावर मोडेम, एकावर सेट-टॉप बॉक्स, दोन रिकामी.

मोडेमच्या पानावर (ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१) दिसलेलं: डाउनस्ट्रीमचे (घराकडे येणारा सिग्नल) सलग ८ चॅनल, २५६ क्वाम (सिग्नलवर डेटा चढवायची पद्धत), पॉवर खालच्या फ्रीक्वेन्सीला −८ आणि वर चढत जाता −१३ डीबीएमव्ही (सिग्नलच्या ताकदीचं माप), एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) ३४ ते ३० डीबी. अपस्ट्रीम (मोडेमकडून परत जाणारा सिग्नल) ५२. लॉगमध्ये टी३ टाइमआउट ओळीने. केबलवाल्याला बोलवायच्या आधी घरात काय बघू?

लॅनवाला

आधी वायफाय बाजूला ठेवा. लॅपटॉप लॅनच्या वायरने थेट मोडेमला लावा, मोडेम एकदा बंद-चालू करा (बरेच मोडेम पहिल्या जोडलेल्या यंत्राचाच पत्ता धरून बसतात) आणि सकाळी, दुपारी, रात्री दहाला तीन-तीन टेस्ट घ्या. १०० च्या पोर्टवर ९४ च्या आसपास आले म्हणजे पूर्ण आले, बाकीचे पॅकेटच्या वेष्टनात जातात. डाउनलोडच्या खिडकीत ११-१२ दिसलं तर घाबरू नका, ते मेगाबाइट असतात, आठाने गुणा.

सिग्नल चांगला आणि तरी फक्त रात्री स्पीड पडतो, तर तुमच्या भागाच्या नोडवर (जिथून भागातल्या घरांना केबल वाटली जाते) गर्दी आहे. त्याला घरात इलाज नाही. पण तुमचे आकडे बघता आधी वायरच बघा.

कोॲक्स_७५

सहमत. डाउनस्ट्रीम पॉवर −७ ते +७ मध्ये हवी, २५६ क्वामला एसएनआर ३३ च्या वर, अपस्ट्रीम साधारण ३८ ते ४८. तुमचा ५२ म्हणजे मोडेम जीव तोडून ओरडतोय आणि पलीकडे नीट ऐकू जात नाही. टी३ चा अर्थ तोच: विचारलं, उत्तर आलं नाही.

चार तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक तोंडावर सुमारे ७ डीबी खातो, तोंड रिकामं असलं तरी. दोन तोंडांचा ३.५ खातो. म्हणून पहिली चाचणी फुकटची: स्प्लिटर काढा, येणारी वायर जोडणीने सरळ मोडेमला द्या. डाउनस्ट्रीम ७ ने वर आणि अपस्ट्रीम ७ ने खाली यायला हवं.

नवा स्प्लिटर घेताना अंगावर ५–१००० मेगाहर्ट्झ छापलेलं बघा. डिशचा ९५०–२१५० वाला चालत नाही, आणि फक्त टीव्हीसाठीचा, ४० पासून सुरू होणारा, तुमचा अपस्ट्रीमच अडवतो. रिकाम्या तोंडावर ७५ ओहमचा टर्मिनेटर (तोंड बंद करणारी टोपी) लावा. अॅम्प्लिफायर कोणी गळ्यात मारला तर घेऊ नका. तो सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो, एसएनआर सुधारत नाही.

आता खरी खटकणारी गोष्ट. सलग ८ चॅनलमध्ये ५ डीबीचा उतार! तीस मीटर चांगल्या आरजी-६ मध्ये (घरापर्यंत येणारी केबलची नेहमीची वायर) एवढ्या पट्ट्यात पाव-अर्धा डीबी फरक पडेल. वरच्या फ्रीक्वेन्सी जास्त पडतात तेव्हा बहुतेक वेळा वायरीत पाणी असतं. आतली तार सैल असली तर उलट, खालच्या पडतात.

धागाकर्ता

स्प्लिटर काढून थेट लावलं. डाउनस्ट्रीम −१ ते −६, एसएनआर ३८ ते ३५, अपस्ट्रीम ४५. लॅनवर तिन्ही वेळा ९३-९४. दोन दिवसांत टी३ नाही. उतार मात्र तसाच.

पिनबदल

मग घरातलं काम झालं. दोन तोंडांचा स्प्लिटर लावलात तरी −४.५ ते −९.५ आणि अपस्ट्रीम ४८.५ येईल, म्हणजे वरचे चॅनल पुन्हा हद्दीबाहेर. बाहेरची वायर बदलेपर्यंत सेट-टॉप बॉक्स जोडू नका.

केबलवाला आला की गच्चीवरून किंवा डक्टमधून येणारी वायर सोडून तिचं टोक बघा. वायरीच्या आवरणाखालची धातूची जाळी चकाकणारी न दिसता काळी पडलेली असेल, किंवा पांढऱ्या फोमवर हिरवट डाग असेल, तर पाणी शिरलंय. नुसती पिन (वायरीच्या टोकाचा कनेक्टर) बदलून भागणार नाही, पाणी जाळीतून आत चढतं, पूर्ण तुकडा बदलायला सांगा. नवी पिन कंप्रेशनची हवी, फिरवून बसवायची नको. आतली तार पिनच्या तोंडाबाहेर ३ मिलिमीटरभर दिसली पाहिजे. वायर घरात शिरण्याआधी खाली झोळ ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी तिथेच ठिबकतं.

कोॲक्स_७५

त्याच्यासमोर पान उघडून आकड्यांचा फोटो काढा, वायर बदलल्यावर परत काढा. आठही चॅनल एकमेकांच्या १ डीबीच्या आत आले नाहीत तर दोष अजून बाहेर, टॅपपर्यंत (जिथून मुख्य केबलवरून तुमची वायर निघते) कुठेतरी आहे. त्याच पानावर दिसणारा दुरुस्त न होणाऱ्या कोडवर्डचा (वाटेत बिघडलेले डेटाचे तुकडे) आकडा मोडेम सुरू झाल्यापासूनचा असतो, म्हणून आधी रीस्टार्ट करून चोवीस तासांनी वाचा.