सोसायटीच्या ग्रुपवरून, सी-२०३ अक्कांचा गाण्याचा प्लेअर : मेमरी कार्ड फॉरमॅट करायच्या आधी वाचा

सी-२०३ अक्का : नमस्कार सगळ्यांना. एक अडचण हाय. माझ्या गाण्याच्या प्लेअरला काय झालंय कळेना. चालू केला की 'स्कॅनिंग' म्हणून नुसतं गोल फिरलालंय, पुढंच जाईना. कधी लागलाच तर गाणं मधेच तुटतंय, नावांच्या जागी चौकोन चौकोन. उजव्या कानात आवाज पण येईना. दुकानात दाखवला, ते म्हणाले कार्ड फॉरमॅट करा, सगळं नीट होतं. करू का ओ?

ए-४०२ ओंकार : अक्का, थांबा. फॉरमॅट अजिबात करू नका, कार्डातलं सगळं पुसलं जाईल. त्यात तुमच्या बाबांच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग आहे ना?

सी-२०३ अक्का : हाय की. सगळं त्यातच हाय. भाच्यानं पुण्यात कॅसेटवरून काढून दिलतं. त्याचा लॅपटॉप त्यानं कवाच विकला.

ए-४०२ ओंकार : म्हणजे जगात ती एकच प्रत. मग प्लेअर दुरुस्त व्हायची घाई नको, आधी कार्ड वाचवू. प्लेअर नवा मिळतो, बाबांचा आवाज मिळत नाही.

बी-३०१ बँकवाले काका : दुकानदाराने फॅक्टरी रीसेटही सुचवला असेल. तो केला तर?

ए-४०२ ओंकार : काका, रीसेटने प्लेअरच्या पोटातली सेटिंग जातात, कार्ड बहुतेक तसंच राहतं. पण त्याच मेनूत शेजारी 'कार्ड फॉरमॅट' असतं, चुकून बोट पडलं तर संपलं. म्हणून आत्ता दोन्ही नको. अक्का, एवढंच करा. पॉवरचं बटण दाबून प्लेअर पूर्ण बंद करा. अडकून बसला असेल तर तेच बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, जबरदस्तीने बंद होतो, त्याने गाणी पुसली जात नाहीत. मग कार्ड नखानं किंचित आत दाबा, खट् करून बाहेर येईल. आता कार्ड न घालता चालू करून बघा.

बी-१०१ वहिनी : उद्या पाणी आहे का?

सेक्रेटरी : आहे, पहाटे. मोटर साडेपाचला सुरू करतो.

सी-२०३ अक्का : ओंकारा, कार्ड काढल्यावर लगेच चालू झाला बग! मेनू पटापट फिरतोय.

ए-४०२ ओंकार : छान. म्हणजे प्लेअर शाबूत आहे. बिघाड कार्डात किंवा कार्डातल्या फाइलीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे कुणाचं दुखतंय ते कळतं. माझ्याकडचं चांगलं कार्ड दोन गाणी टाकून पाठवतो, ते लावून ऐका.

सी-२०३ अक्का : वाजलं. स्वच्छ वाजलं. पण उजवा कान अजून गप्पच.

ए-४०२ ओंकार : तो वेगळा आजार. हेच हेडफोन मोबाईलला लावून बघा.

सी-२०३ अक्का : मोबाईलला दोन्ही कानात येतंय.

ए-४०२ ओंकार : मग हेडफोन ठीक, प्लेअरचं भोक बघायला हवं. तुमच्या प्लेअरला दोन भोकं आहेत. मोठं ४.४ मिलिमीटरचं, बॅलन्स्ड नावाच्या जाड पिनेच्या हेडफोनसाठी. तुमची पिन ३.५ ची, ती लहान भोकातच घालायची. आणि मालक कारखान्यातून आले की प्लेअर त्यांच्याच खिशात असतो ना? टॉर्च मारून आत बघा.

सी-२०३ अक्का : होय ओ, आत पांढरं पांढरं दिसतंय. कापसासारखं.

ए-४०२ ओंकार : सुताची पिंजच ती. मागावर उडते तीच. पिन प्रत्येक वेळी तिला आत दाबत जाते, तळाशी गादी होते, पिन पूर्ण बसत नाही आणि एक बाजू मुकी होते. प्लेअर बंद करून लाकडी टूथपिकने कडेकडेने अलगद उकरा. सुई किंवा यू-पिन घालू नका, आतली स्प्रिंगची पट्टी वाकली तर सॉकेटच बदलावं लागेल. फुंकूही नका, तोंडाची वाफ जाते.

सी-२०३ अक्का : एवढा गोळा निघाला! दोन्ही कान चालू झाले. 🙏

डी-१०४ मास्तर : वा. अक्का, ते कार्ड मात्र ओंकारच्या हातात द्या. त्या भजनांत तुमच्या बाबांबरोबर पेटीला मी बसायचो.

*दुसऱ्या दिवशी*

ए-४०२ ओंकार : अक्का, कार्ड रीडरने लॅपटॉपला लावून जेवढं निघतं तेवढं काढून घेतलं. सविस्तर सांगतो, कारण इथं बऱ्याच जणांकडे असली कार्डं असतील.

कार्डावर २५६ जीबी छापलंय, लॅपटॉपही २५६ च दाखवतो. फाइली सगळ्या दिसतात, नावं आहेत, साइज आहे. पण फ्लॅक प्रकारच्या (आवाजाचा दर्जा न घटवता साठवणाऱ्या) फाइलीत एक चांगली सोय असते : मूळ आवाजाचा एमडी५ नावाचा आकडी ठसा फाइलीच्या सुरुवातीलाच लिहिलेला असतो. संगणक फाइल उलगडून तो ठसा जुळतो का बघतो, कानाने तासन्‌तास ऐकत बसावं लागत नाही. सगळ्या फाइली तपासल्या. साधारण पहिल्या ३२ जीबीतल्या जुळल्या. त्यापुढच्या जवळजवळ सगळ्या फेल. उघडून पाहिलं तर आत नुसती शून्यं.

बी-३०१ बँकवाले काका : म्हणजे कार्ड खराब झालं?

ए-४०२ ओंकार : खराब झालं नाही काका, ते मुळात ३२ जीबीचंच आहे. आतल्या कंट्रोलरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या चिपला, 'मी २५६ आहे' असं सांगायला शिकवलंय. ३२ भरेपर्यंत सगळं बरोबर चालतं. पुढचं लिहिलेलं एक तर हवेत जातं, नाहीतर आधीच्यावर पुन्हा लिहिलं जातं. फाइलींची यादी बहुधा कार्डाच्या सुरुवातीच्या भागात असते, म्हणून ती शाबूत दिसते आणि माणूस फसतो. प्लेअर स्कॅन करताना प्रत्येक फाइलचा टॅग, म्हणजे आत लिहिलेली गाण्याच्या नावाची चिठ्ठी, वाचायला जातो, आत काहीच सापडत नाही, तिथंच घुटमळतो. गाणं मधेच तुटायचं कारणही तेच.

डी-१०४ मास्तर : हे फार वाईट आहे. विकणाऱ्याला शंभर-दोनशे रुपये मिळतात आणि इकडे एखाद्याचा आवाज कायमचा जातो.

ए-४०२ ओंकार : मास्तर, मलाही काल रात्री हे बघून फार राग आला. म्हणून सगळ्यांना सांगतो. नवं कार्ड आणलं की काही टाकायच्या आधी ते रिकामं असताना एच२टेस्टडब्ल्यू नावाचा प्रोग्रॅम चालवा. विंडोजवर फुकट आहे. तो कार्ड काठोकाठ भरतो आणि भरलेलं परत वाचून ताडून बघतो. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, लागू द्या. मॅक किंवा लिनक्सवाल्यांना तसाच एफ३ आहे.

सी-२०३ अक्का : मग बाबांचं काय राहिलं रे?

ए-४०२ ओंकार : अक्का, आषाढीचं आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेतलं, दोन्ही रेकॉर्डिंग पूर्ण वाचलीत. माझ्या लॅपटॉपवर आणि वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवली. एकादशीच्या बैठका गेल्या. मूळ कॅसेट आहेत का कुठं?

सी-२०३ अक्का : माळ्यावर पिशवीत हायत. टाकायला मन झालं नव्हतं.

ए-४०२ ओंकार : मग काहीच गेलेलं नाही! माळ्यावर पत्र्याचं ऊन लागत असेल तर आजच खाली घ्या. कपाटात उभ्या ठेवा, स्पीकरपासून लांब.

डी-१०४ मास्तर : माझ्याकडे कॅसेट वाजवायचा डेक आहे. बेल्ट नवा टाकलाय. पण त्याची चाल बरोबर आहे की नाही हे पट्टीवरून ठरवू. त्या बैठका काळी दोनमध्ये व्हायच्या. पेटी अजून देवळात आहे, तीच आणतो. डेकवर सूर पांढरी दोनला, म्हणजे अर्ध्या सुराने खाली, उतरला तर डेक साधारण सहा टक्के हळू चालतोय असं समजायचं, आणि स्क्रू फिरवून पेटीला मिळवून घ्यायचा.

ए-४०२ ओंकार : मास्तर, याहून चांगली कसोटी माझ्याकडे नाही. हेडची, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाची, दिशाही बघू. टाळांचा आवाज मंद वाटला तर हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवायचा, टाळ खणखणीत झाले की थांबायचं.

बी-३०१ बँकवाले काका : आता कॅसेट संगणकावर घेताच आहात तर १९२ किलोहर्ट्झला रेकॉर्ड करा. हाय-रेझ प्लेअर आहे, पूर्ण ताकद वापरू.

ए-४०२ ओंकार : काका, १९२/२४ ला (१९२ किलोहर्ट्झ, २४ बिट) स्टिरिओ आवाजाचं एक मिनिट ६९ एमबी खातं, सीडीच्या दर्जाला साडेदहा. कॅसेटच्या फितीवर जेवढं उतरलंय ते ४८/२४ मध्ये आरामात मावतं. वरच्या आकड्यांत फितीची खरखरच जास्त बारकाईनं साठते. डेकचं हेड स्पिरिटनं पुसलं तर त्याचा फायदा कानाला खरा कळेल.

सी-२०३ अक्का : आणि ते चौकोन?

ए-४०२ ओंकार : चौकोन दिसले म्हणजे प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्टच नाही. प्रश्नचिन्हं आली असती तर टॅग जुन्या पद्धतीनं साठवलाय म्हणायचं, आणि इंग्रजी अक्षरांचा गिचमिड काला दिसला असता तर युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला. पुढचे दोन प्रकार एमपी३टॅग नावाच्या प्रोग्रॅममध्ये नाव पुन्हा लिहून सुटतात. तुमच्यात फर्मवेअर, म्हणजे प्लेअरच्या आतला प्रोग्रॅम, अपडेट करून बघू, नाही आलं तर नावं रोमन लिपीत टाकून देतो. क्रम बिघडू नये म्हणून पुढं ०१, ०२ असे आकडे. भाच्याच्या मॅकमुळे प्रत्येक भजनाची एक चार केबीची भुताटकी जोडफाइल होती, तीही काढली.

बी-१०१ वहिनी : ओंकार, प्लेअर चार्जिंगला फार तापतो असं अक्का म्हणत होत्या.

ए-४०२ ओंकार : एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर. लिथियम बॅटरीला ४५ अंशांच्या वर चार्ज होणं सोसत नाही. रात्री चार्ज करा, कव्हर काढून. मागची बाजू फुगलेली दिसली तर वापर त्याच क्षणी बंद, दाबायची नाही.

डी-१०४ मास्तर : रविवारी सकाळी दहाला माझ्याकडे. अक्का, पिशवी आणि कॅसेटवरची बाबांच्या हातची लेबलं जशीच्या तशी आणा, तारखा त्यावरच आहेत.

सी-२०३ अक्का : आणते मास्तर. शेंगाचटणी अन् कडक भाकरी घेऊनच येते, बसू तिथंच दिवसभर.

ए-४०२ ओंकार : नवं १२८ जीबीचं कार्ड आणलंय. टेस्ट आत्ता संपली, एकही चूक नाही. वाचलेली दोन्ही रेकॉर्डिंग त्यात टाकली, रात्री आणून देतो. जुन्या कार्डावर मार्करनं फुली मारून ठेवलीय, ते कुणी वापरू नका.