लिंबूवर्गीय फळं ओळखायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

फोडीफोडीने (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सध्या मला संत्र्या-लिंबांच्या जातींचा नाद लागला आहे. नवीन काही दिसलं की आणतो, चाखतो, वहीत नाव लिहितो. वही भरत चालली तसा गोंधळही वाढत चालला. नेव्हल, व्हॅलेन्सिया, क्लेमेंटाईन, सात्सुमा, किन्नो, टँजेलो, मायर लिंबू... यांतली सख्खी कोण, चुलत कोण, पत्ता लागत नाही. चवीच्या रकान्यात प्रत्येकापुढे ‘आंबटगोड’ एवढंच येतं.

फळ हातात घेतल्यावर नेमकं काय बघायचं? रंगावर किती विसंबायचं? जाणकारांनी सविस्तर लिहा, वाचायला भरपूर वेळ आहे.

---

डोळेभरणी

या झाडांवर डोळे भरून (म्हणजे एका झाडाची कळी दुसऱ्या रोपाच्या सालीत बसवून) कलमं करणं हेच माझं काम, म्हणून जरा लांबण लावते.

वही थोडी बाजूला ठेवा आणि तीन फळं समोर घ्या : सैल सालीचं संत्रं (म्हणजे मँडरिन), पपनस आणि महाळुंग (इंग्रजीत सिट्रॉन). तुमच्या यादीतली सगळी नावं या तिघांच्या आपसातल्या संकरातून आली आहेत. मोसंबी, नेव्हल, व्हॅलेन्सिया हा एक गट, गोड ऑरेंजचा. त्यात पपनस आणि मँडरिन दोघांचं रक्त आहे. सेव्हिलचं कडसर आंबट नारिंगही याच दोघांचं, पण वेगळ्या संकरातून आलेलं. त्या नारिंगाचा महाळुंगाशी संकर झाला आणि पिवळं लेमन जन्मलं. गोड ऑरेंज पुन्हा पपनसाशी जुळलं ते 18व्या शतकात, बार्बाडोस बेटावर. त्यातून ग्रेपफ्रूट आलं. मँडरिनशी जुळलं तेव्हा क्लेमेंटाईन. कागदी लिंबू तेवढं वेगळं : त्याचा बाप महाळुंग, पण आई मायक्रँथा नावाची, फिलिपिन्सकडची चौथीच जात.

हे घराणं पाठ करायची गरज नाही. फळातच ते दिसतं, आणि मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच.

साल सोला. मँडरिनची साल सैल असते, फोडी आपसूक सुट्या होतात, मधला कणा पोकळ असतो. फळ आडवं कापलंत तर मधोमध भोक दिसेल. गोड ऑरेंजची साल गराला घट्ट चिकटलेली आणि कणा भरीव. पपनसाच्या सालीखाली पांढऱ्या मगजाचा जाड थर असतो, फोडींची आवरणं चिवट आणि कडू. म्हणून ती काढून आतल्या रसाच्या पिशव्या तेवढ्या खातात. महाळुंग कापलं की बहुतेक पांढरा भागच हाती लागतो, रस नावापुरता. त्याचं सगळं वैभव सालीच्या वासात. ‘बुद्धाचा हात’ म्हणतात ते बोटाबोटांचं फळ महाळुंगाचाच प्रकार; त्यात बहुधा रस नसतोच.

मग बी बघा. हे फारसं कुणी सांगत नाही, पण मला खूप उपयोगी पडतं. बी नखाने सोलून दोन दळं वेगळी करा. मँडरिनमध्ये ती बहुतेक वेळा पिस्तई हिरवी निघतात, गोड ऑरेंज आणि पपनसात पांढरी.

पान मिळालं तर देठ बघा. पपनसाच्या देठाला दोन्ही बाजूंना रुंद पंख असतात, ऑरेंजला लहान, मँडरिनला अगदी अरुंद. महाळुंगाला पंख नसतातच, आणि देठ पानाला जिथे मिळतो तिथला सांधाही दिसत नाही. मकरूट लिंबाच्या देठाचा पंख एवढा मोठा की एकापुढे एक दोन पानं जोडल्याचा भास होतो.

आता चव. एका वेळी एकच फळ खाल्लं तर ‘आंबटगोड’ याच्यापुढे जाता येत नाही. एकाच गटातली दोन शेजारी ठेवून खा : नेव्हल आणि व्हॅलेन्सिया, किंवा सात्सुमा आणि क्लेमेंटाईन. आंबटपणा, गोडी, कडूपणा आणि सालीचा वास यांची नोंद वेगवेगळी करा. मोसंबी खाऊन बघा : ती गोड लागते ती साखर जास्त असते म्हणून नाही, आम्ल फार कमी असतं म्हणून. हे कळलं की ‘जास्त गोड’ आणि ‘कमी आंबट’ यांत गल्लत होत नाही. कडूपणा मुख्यतः पपनसाकडून येतो, नारिंजिन नावाच्या द्रव्यामुळे; ग्रेपफ्रूट आणि आंबट नारिंग दोघांत ते आहे. मँडरिन आणि गोड ऑरेंजमध्ये त्याच्या जागी हेस्पेरिडिन असतं, आणि त्याला चव जवळपास नसते. सालीचा तुकडा नाकाजवळ दुमडून तेलाचा फवारा उडवा. लेमन आणि कागदी लिंबू यांचा आंबटपणा जवळपास सारखा वाटेल, पण या फवाऱ्यात दोघांची गल्लत होणार नाही.

नेव्हल-व्हॅलेन्सियाची जोडी घ्याल तेव्हा दोघांचा रस काढून काही तास ठेवा. नेव्हलचा रस ताजा असताना सुरेख लागतो, मग हळूहळू कडू होतो, कारण त्यातलं एक बेचव द्रव्य रसाच्या आम्लात लिमोनिनमध्ये बदलतं. म्हणून रसासाठी व्हॅलेन्सिया आणि सोलून खायला नेव्हल. नेव्हलच्या बेंबीत डोकावून बघा, आत दुसरं छोटं फळ वाढत असतं. नेव्हलला बिया नसतात, त्यामुळे झाड वाढवायचं तर डोळा भरण्यावाचून मार्ग नाही. 1873 साली कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड इथे वॉशिंग्टन नेव्हलची रोपं लागली, त्यांतलं एक झाड आजही जिवंत आहे. त्याच्या डोळ्यांपासून पुढे बागाच्या बागा उभ्या राहिल्या. एका झाडाचा डोळा दुसऱ्याच्या खुंटावर (मुळांसकटच्या खालच्या रोपावर) बसवताना मला अजूनही याचं नवल वाटतं.

---

गराचा_रंग

वरचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. रंगाबद्दल मी थोडी भर घालतो.

सालीच्या रंगावरून पिकलं-न पिकलं ठरवू नका. साल केशरी व्हायला रात्री थंडावा लागतो. उष्ण, दमट हवेत फळ आतून पूर्ण पिकतं तरी साल हिरवी राहते. व्हॅलेन्सिया तर केशरी झाल्यावर उन्हाळ्यात झाडावरच पुन्हा हिरवट होते, आणि तरी उत्तम लागते.

गराच्या लाल रंगाचे दोन प्रकार आहेत. मोरो, टारोको, सँग्विनेलो या रक्तवर्णी ऑरेंजांमध्ये अँथोसायनिन असतं, जे जांभळातही असतं. तेही थंडीशिवाय नीट चढत नाही. सिसिलीत एटना पर्वताच्या आसपास दिवस उबदार आणि रात्री गार, म्हणून तिथला रंग गडद. काराकारा नेव्हल आणि लाल ग्रेपफ्रूट यांचा गुलाबी रंग मात्र टोमॅटोतल्या लायकोपीनचा. फरक बघायचा तर रस गाळून स्थिर ठेवा. मोरोचा वरचा नितळ रसही लाल राहतो, काराकाराचा रंग चोथ्याबरोबर खाली बसतो. मोरोत मला बेरीसारखी चव लागते, टारोको त्याहून गोड. चाखायला सुरुवात टारोकोपासून करा.

---

फोडीफोडीने

दोघांचे मनापासून आभार! लगेच घरातल्या फळाच्या बिया सोलून पाहिल्या, हिरव्या निघाल्या. आणखी दोन शंका. किन्नो मँडरिनच ना? बी लावली तर तेच फळ येतं का? आणि आंबट निघालेलं फळ ठेवून दिलं तर गोड होईल का?

---

डोळेभरणी

किन्नो मँडरिन गटातलंच. किंग आणि विलो लीफ या दोन मँडरिनांचा संकर, एच. बी. फ्रॉस्ट यांनी कॅलिफोर्नियात 1915 साली केलेला. जात म्हणून तो 1935 मध्ये बाहेर आला. रस भरपूर, बियाही भरपूर.

बी लावण्याचं उत्तर जातीवर अवलंबून आहे. गोड ऑरेंज आणि बऱ्याच मँडरिनच्या एका बीत अनेक गर्भ असतात, आणि त्यांतले बहुतेक आईच्याच पेशींपासून बनलेले. एका बीतून दोन-तीन कोंब निघालेले दिसले तर ते याच कारणाने, आणि त्यांतली जोमदार रोपं बहुधा आईसारखीच निघतात. पपनस, महाळुंग, क्लेमेंटाईन यांच्या बीत एकच गर्भ असतो, तोही संकराचा, त्यामुळे काय निघेल त्याचा नेम नाही. कुठलंही बीपासूनचं झाड आधी काटे घालतं आणि फळाला कित्येक वर्षं लावतं. कलमाचं झाड त्याच्या कितीतरी आधी फळतं, शिवाय खुंट जमीन बघून निवडता येतो. नवीन जातीच्या आशेने बी जरूर लावा. ठरावीक फळ हवं असेल तर कलमच आणा.

ठेवून गोड होणार नाही. ही फळं आंब्यासारखी पुढे पिकत नाहीत, तोडल्यावर त्यांची साखर वाढत नाही. फार तर आम्ल थोडं कमी होऊन फळ सौम्य लागेल. म्हणून घेतानाच आकाराच्या मानाने जड लागणारं फळ उचला. साल फुगून गरापासून सुटली असेल तर संत्रं बहुधा आतून सुकलेलं असतं. सात्सुमाची साल मुळातच ढिली असते, तिथे वजनावर भरवसा ठेवा.

---

कात्री_आणि_कुंडी

एक सूचना, कारण इथे चाखून बघण्याची चर्चा चालली आहे. नियमित औषधं चालू असतील तर ग्रेपफ्रूट खाण्याआधी डॉक्टरांना विचारा. त्यातली फ्युरानोकौमारिन ही द्रव्यं आतड्यातलं एक विकर (एन्झाइम) निकामी करतात, आणि कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या रक्तात जास्त प्रमाणात उतरतात. गोळी आणि फळ यांत काही तासांचं अंतर ठेवून भागत नाही. पपनस आणि सेव्हिलचं आंबट नारिंग यांनाही हेच लागू.

---

डोळेभरणी

ही सूचना फार महत्त्वाची, आभार.

फोडीफोडीने, एक राहिलं. कमक्वाट मिळालं तर सोलू नका. त्याची साल गोड आणि गर आंबट असतो. बोटांत थोडं चोळून सालीसकट पूर्ण तोंडात टाका, बिया तेवढ्या काढा. वहीत त्याचं पान वेगळं ठेवा, कारण ते वरच्या तिघांच्या संकरातलं नाही, स्वतंत्र शाखेचं आहे. कलमान्सी चाखाल तेव्हा तिची नोंद याच पानाच्या मागे करा : ती कमक्वाट आणि मँडरिनची लेक, आणि सालीची गोडी तिने थोडीशी कमक्वाटकडून घेतली आहे.