रनऑफला मराठीत काय म्हणावं? फेरमतदान, दुसरी फेरी की निर्णायक फेरी?

प्रश्न: परदेशातल्या एका महापौर निवडणुकीच्या बातमीत ‘कुणालाच बहुमत नाही, आता फेरमतदान’ असं वाचलं. आधीच्या मतदानात काहीतरी घोळ झाला असावा, असंच वाटलं. नंतर कळलं की हे रनऑफ आहे, म्हणजे कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर सगळ्यात पुढे असलेल्या दोघांत पुन्हा होणारं मतदान. मग फेरमतदान हा शब्द इथे चालतो का?

उत्तर: माझ्या मते चालत नाही, आणि तो टाळायलाच हवा. फेरमोजणी, फेरपरीक्षा, फेरनिविदा हे शब्द बघा. आधीचं काम रद्द झालं किंवा त्याबद्दल शंका आली, की ‘फेर’ लागतो. फेरमतदान म्हणजे आधीचं मतदान बाद. रनऑफमध्ये पहिलं मतदान पूर्ण वैध असतं. त्यातूनच पुढचे दोघं ठरतात.

खऱ्या फेरनिवडणुकीचं उदाहरण इस्तंबूलचं. मार्च २०१९मध्ये तिथल्या महापौरपदासाठी विरोधी पक्षाचे उमेदवार इमामोलू जेमतेम १३ हजार मतांनी निवडून आले, ती निवडणूक रद्द झाली आणि २३ जूनला पुन्हा घेतली, तेव्हा ते सुमारे आठ लाखांनी जिंकले. आता अमेरिकेतल्या अटलांटाची महापौर निवडणूक बघा. नोव्हेंबर २०२१मध्ये फेलिशिया मूर यांना सुमारे ४१ टक्के मतं पडली, आंद्रे डिकन्स यांना सुमारे २३. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नाहीत, म्हणून त्याच महिन्याच्या ३० तारखेला फक्त या दोघांत मतदान झालं आणि डिकन्स सुमारे ६४ टक्के मतं घेऊन महापौर झाले. दोन्ही ठिकाणी ‘फेरमतदान’ लिहिलं, तर इस्तंबूलकरांवर झालेला अन्यायही वाचकाला कळणार नाही आणि अटलांटाचा नियमही.

प्रश्न: मग सरळ ‘दुसरी फेरी’ म्हटलं तर?

उत्तर: चांगला शब्द आहे, फक्त एक अडचण आहे. निकालाच्या दिवशी आपण ‘पाचव्या फेरीअखेर अमुक आघाडीवर’ असं वाचतो, ती फेरी मतमोजणीची. म्हणून पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे ‘मतदानाची दुसरी फेरी’ असं पूर्ण लिहावं, पुढे नुसती ‘दुसरी फेरी’ पुरते. मला स्वतःला ‘निर्णायक फेरी’ जास्त आवडतो, कारण निकाल इथेच लागणार हे त्यातून लगेच कळतं.

पसंतीक्रमाच्या पद्धतीत, उदाहरणार्थ सॅन फ्रान्सिस्कोत, मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी अशी पसंती देतो आणि मतदान एकदाच होतं. सगळ्यात मागे असलेला उमेदवार बाद करून त्याची मतं पुढच्या पसंतीनुसार वाटतात. तिथे मात्र ‘मोजणीची फेरी’ हेच बरोबर. ‘दुसऱ्या पसंतीची मतं’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे विधान परिषदेच्या बातम्यांमुळे रुळलेला आहेच.

खरी गफलत मला बहुमत (निम्म्याहून जास्त मतं) आणि मताधिक्य (इतर कुणाहीपेक्षा जास्त मतं) यांत दिसते. शिकागोत २०१९मध्ये महापौरपदासाठी १४ उमेदवार होते. पहिल्या फेरीत लोरी लाइटफूट सगळ्यांच्या पुढे होत्या, पण साडेसतरा टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन! त्यांना मताधिक्य होतं, बहुमत नव्हतं. दुसऱ्या फेरीत सुमारे ७४ टक्के मिळाली, ते बहुमत. पहिल्या फेरीनंतर ‘विजयी’ लिहिणं तर साफ चूक. तिथे ‘आघाडीवर’ किंवा ‘दुसऱ्या फेरीत दाखल’ म्हणावं.

प्रश्न: आणि मथळ्यात जागा कमी असेल तर?

उत्तर: ‘महापौरपदासाठी आता दोघांत लढत’. एवढ्यात सगळं येतं.